भाषणातला इतिहास आणि आमचे चार हुतात्मे

१२ जानेवारी म्हणजे सोलापुरात भलताच गडबडीचा दिवस. जिजाऊंची जयंती त्याच दिवशी, विवेकानंदांची पण त्याच दिवशी, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली, होम मैदानावर पाळणे उभे राहिलेले, नंदीध्वजांची, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांची, तयारी चाललेली, आणि या सगळ्यात आमच्या गावाचा स्वतःचा असा एक दिवस, चार हुतात्म्यांचा. १२ जानेवारी १९३१ ला येरवडा जेलमध्ये मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिली गेली. म्हणून त्या दिवशी सकाळपासून चौघांच्या पुतळ्यांपाशी नेते येतात, हार घालतात, दोन शब्द बोलतात आणि पुढच्या कार्यक्रमाला जातात. लहानपणी मी आजोबांचा हात धरून जायचो, आता एकटाच जातो आणि मागं उभा राहून भाषणं ऐकतो.

इतकी वर्षं ऐकून एक गोष्ट लक्षात आली. नावं चारच, पण कुठलं नाव जोरात घ्यायचं हे सभा कुठं आहे त्यावर ठरतं. समोर कोण बसलंय ते बघून कधी धनशेट्टींवर पाच मिनिटं, कधी कुर्बान हुसेनवर, कधी जगन्नाथ शिंदेंवर, आणि बाकीचे तिघं एका वाक्यात उरकले जातात. आणि सगळीच नावं घेतली तर शेवटचं वाक्य ठरलेलं, की बघा चार वेगवेगळ्या समाजाचे होते पण देशासाठी एकत्र आले. हे वाक्य खरं आहे, मला ते मनापासून आवडतं, पण तिथंच भाषण संपतं आणि मला वाटतं की अरे खरी गोष्ट तर आत्ता सुरू व्हायला पाहिजे होती.

कारण मे १९३० मध्ये सोलापुरात काय झालं ते बघा. मिठाचा सत्याग्रह चालू होता, ५ मे ला गांधीजींना पकडलं, बातमी आली आणि गिरणी कामगार साचे सोडून बाहेर पडले. ८ मे ला गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण गेला. मग जमाव खवळला, मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर गेला, तिथं दोन पोलीस मारले गेले, कोर्टाला आग लागली. अधिकाऱ्यांनी काढता पाय घेतला आणि पुढचे तीन दिवस इंग्रजांचा अंमल गावात उरलाच नाही, गाव लोकांनी सांभाळलं. १२ मे ला मार्शल लॉ लागला, म्हणजे गाव सरळ लष्कराच्या ताब्यात. झेंडा लावणं गुन्हा, गांधी टोपी दिसली की मार. आमचे आजोबा तेव्हा आठ वर्षांचे होते, ते सांगायचे की त्यांच्या आईनं नवऱ्याची टोपी ज्वारीच्या कणगीत खाली दाबून ठेवली होती आणि रोज भाकरीला ज्वारी काढताना तिचा हात थरथरायचा. त्या दोन पोलिसांच्या खुनाचा खटला चौघांवर चालवला आणि आठ महिन्यांत फाशी. पुरावा कच्चा होता, पकडायचे म्हणून पकडले, असं सोलापूरची जुनी माणसं शेवटपर्यंत सांगत राहिली.

आता यातलं भाषणात काय येतं? फाशी येते, चार समाज येतात. शिवदारेचं नाव क्वचित येतं. गिरणी कामगार होते, संप होता, हे जवळपास येतच नाही. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं वर्तमानपत्र चालवायचा आणि कामगारांत काम करायचा, हे पण नाही. मेलेले ते दोन पोलीस आपलेच लोक होते, कुणाच्या तरी घरचे होते, हे तर कुणी उच्चारतच नाही. नेते खोटं सांगतात असं माझं म्हणणं नाही, काही सांगतात पण बहुतेक वेळा तशी गरजच पडत नाही. जे अडचणीचं ते गाळलं की झालं, उरलेलं सगळं खरंच असतं, म्हणून त्याच्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही.

हेच राष्ट्रीय पातळीवर मोठ्या मापात होतं. जून २०१४ मध्ये पंतप्रधान झाल्यावर नरेंद्र मोदींनी लोकसभेत बाराशे वर्षांच्या गुलामीच्या मानसिकतेचा उल्लेख केला. त्याआधी आपण सगळे शाळेत दीडशे-दोनशे वर्षांची गुलामी शिकलो होतो, म्हणजे इंग्रजांची. एक आकडा बदलला की सगळी गोष्ट बदलते, शत्रू कोण ते बदलतं, आणि स्वातंत्र्य नक्की कुणापासून मिळालं ते पण बदलतं. २०२२ च्या लाल किल्ल्यावरच्या भाषणात पण गुलामीच्या मानसिकतेतून मुक्ती हा पाच संकल्पांपैकी एक होता. मला यात राग कसला येतो तर बाराशे वर्षं म्हटलं की त्या बाराशे वर्षांत माझ्या जिल्ह्यात राहिलेल्या माणसांचं काय झालं, कोण कुणाच्या बाजूनं होतं, हा प्रश्नच विचारायची सोय राहत नाही.

आमच्या भुईकोट किल्ल्याचंच घ्या. बहमनी गेले, मग निजामशाही आणि आदिलशाही या दोघींनी या किल्ल्यावरून किती भांडणं केली त्याला सुमार नाही. दोन्हीकडे सुलतानच. अहमदनगरची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला. पुढं मुघल, निजाम, पेशवे, आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या मन्रोनं तो घेतला. त्याच्या तीन महिने आधी याच जिल्ह्यात अष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. हा सगळा इतिहास एका ओळीत एका धर्माविरुद्ध दुसरा धर्म असा बसवायचा झाला तर अर्धा किल्ला पाडावा लागेल.

आणि माचणूर. मंगळवेढा तालुक्यात भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, तिथंच ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत पडून होती. हिंदुस्थानचा बादशहा चार वर्षं आमच्या भीमेकाठी तंबू ठोकून बसला होता! औरंगजेब हा हल्ली प्रत्येक भाषणात येतो, पण माचणूरला जाऊन घाटावर बसलं की वेगळंच काही डोक्यात येतं. शाहू आणि येसूबाई कैदेत त्याच छावणीबरोबर फिरत होते. राजाराम महाराज तिकडं जिंजीत अडकलेले, इकडं संताजी-धनाजी मुघलांना हैराण करत होते, आणि त्याच वेळी कितीतरी मराठा सरदार बादशहाची मनसब घेऊन मुघलांच्या बाजूनं उभे होते, वतनासाठी, जहागिरीसाठी, आज इकडं उद्या तिकडं. आपली माणसं तिकडं का गेली? हा प्रश्न मला औरंगजेबापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि भाषणात तो नसतोच.

असतो, एका भाषणात आहे. २५ नोव्हेंबर १९४९, संविधान सभा, बाबासाहेब आंबेडकर. सगळ्यांनी एकदा तरी ते पूर्ण वाचावं, नुसती दोन ओळींची क्लिप बघून सोडू नये. त्यांनी तोच इतिहास घेतला जो आजचे नेते घेतात, अगदी तीच नावं. महंमद बिन कासिम सिंधवर आला तेव्हा दाहिर राजाच्या सेनापतींनी लाच खाल्ली आणि लढायला नकार दिला. घोरीला जयचंदानं बोलावलं. शिवाजी महाराज लढत होते तेव्हा बाकीचे मराठा सरदार आणि राजपूत राजे मुघलांच्या बाजूनं लढत होते. हे सांगून त्यांनी विचारलं की इतिहासाची पुनरावृत्ती होणार का? लोक पंथापेक्षा देशाला वर ठेवणार की देशापेक्षा पंथाला? समोर बसलेले सगळे दोन महिन्यांत प्रजासत्ताक होणार म्हणून आनंदात होते आणि हा माणूस त्यांना सांगत होता की स्वातंत्र्य आपण आधी पण घालवलंय, आपल्याच माणसांमुळं घालवलंय. त्याच भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दलचा इशारा पण आहे.

मला फरक कळला तो इथं. दाहिर तोच, जयचंद तोच, पण एक वक्ता तो इतिहास सांगून बोट बाहेर दाखवतो आणि दुसरा तेच बोट ऐकणाऱ्याकडं आणि स्वतःकडं वळवतो. तेव्हापासून मी कुठलंही भाषण ऐकताना एवढंच बघतो की हा जो इतिहास सांगतोय त्यानं सांगणारा स्वतः कशाला बांधला जातोय का. की बांधले जातात फक्त विरोधक.

टिळकांचं उदाहरण घ्या. १८९७ च्या शिवजयंती उत्सवात अफजलखान प्रकरणावर ते बोलले, त्यांचा युक्तिवाद असा की थोर पुरुषाचं कृत्य आपल्या रोजच्या नीतीच्या फूटपट्टीनं मोजायचं नसतं. मला तो युक्तिवाद धोक्याचा वाटतो, कारण थोर कोण हे मग ज्याचं तोच ठरवायला लागतो. पण इतिहास सांगून तो माणूस घरी जाऊन झोपला नाही, राजद्रोहाचा खटला झाला, दीड वर्षाची शिक्षा झाली. सांगितलेल्या इतिहासाची किंमत त्यानं स्वतःच्या अंगावर घेतली. त्याच्याही आधी १८६९ मध्ये जोतिराव फुल्यांनी महाराजांवर पोवाडा लिहिला, त्यात महाराज कुळवाडी भूषण आहेत, म्हणजे शेतकऱ्याचा राजा. फुल्यांना त्यातून काय सांगायचं होतं तर ज्याच्या घामावर राज्य उभं राहिलं त्याला विद्या द्या, हक्क द्या, आणि ते स्वतः पुण्यात शेणगोळे खात तेच करत होते. दोघांचे महाराज वेगळे दिसतात पण दोघंही आपल्या शब्दाला बांधलेले होते. आज शिवाजी महाराजांचं नाव घेतल्याशिवाय महाराष्ट्रात एक सभा सुरू होत नाही, आणि शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका अशी ताकीद देणाऱ्या राजाचं नाव घेऊन झालं की पुढच्या वाक्यात कांद्याचा भाव येत नाही.

काँग्रेसवाल्यांना सोडलं असं वाटायला नको. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीचं नेहरूंचं भाषण मला अजून ऐकताना अंगावर काटा येतो. त्यांनी इतिहास कसा घेतला तर आपण फार वर्षांपूर्वी नियतीला एक वचन दिलं होतं आणि ते फेडायची वेळ आली आहे, पूर्णपणे नाही पण बऱ्याच अंशी. ‘पूर्णपणे नाही’ हे मान्य करणं, त्या रात्री, एवढ्या आनंदात, ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच मध्यरात्री सोलापुरात काय होतं? सेटलमेंट होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, ती माणसं तारेच्या कुंपणात राहत होती, हजेरी देत होती. देश स्वतंत्र झाला आणि हे आत. तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे पाच वर्षं आणि सोळा दिवस उशिरा. त्या वस्तीला आम्ही अजून सेटलमेंटच म्हणतो, रिक्षावाल्याला तेच सांगतो. तिथला माझा एक मित्र आहे, त्याचा आजा कुंपणाच्या आत जन्मलेला. तो मला म्हणाला की तुमच्या १५ ऑगस्टला आमच्या घरी झेंडा लावतात पण गोडधोड ३१ ऑगस्टला होतं. मी कॉलेज शिकलो, सोलापुरात वाढलो, आणि हे मला पंचविसाव्या वर्षी मित्राकडून कळलं. पंचवीस वर्षांत किती नेत्यांची भाषणं ऐकली असतील मी, एकाच्या तोंडून नाही आलं. कारण हा इतिहास सांगितला की इंग्रजांना शिव्या देऊन मोकळं होता येत नाही, पुढं हे सांगावं लागतं की आपल्या सरकारनं पाच वर्षं का लावली आणि सराईत गुन्हेगारांच्या कायद्याच्या नावानं तोच संशय पुढं का चालू ठेवला.

३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीनं काळे झेंडे दाखवले. सरकार म्हणत होतं महाराज साऱ्या देशाचे, समिती म्हणत होती मुंबईसह महाराष्ट्र द्या मग गडावर या. एकाच गडावर, एकाच दिवशी, दोन्हीकडं महाराज. समिती मला जास्त पटते कारण तिची मागणी समोर होती, कुणालाही तपासता येईल अशी, आणि तिच्यासाठी माणसं मेली होती. १९६२ ला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य घरोघरी झालं, ते पण टिकलं कारण त्यामागं एक माणूस खरंच पडत्या काळात जबाबदारी घ्यायला निघाला होता.

बाहेरच्या देशाचे नेते पण हेच करतात. आमच्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत तिथंच ९ डिसेंबर १९४२ ला वारले, वय अवघं ३२. चीनचा मोठा नेता भारतात आला की कोटणीसांची आठवण हमखास निघते, त्यांच्या घरच्यांची भेट होते. आणि १९६२ मध्ये? २०२० मध्ये गलवानला? कोटणीस माणसाला माणूस म्हणून शिवले, सीमेवर त्यांचं नाव कुणाला अडवू शकलं नाही.

सीमेवरून आठवलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी अक्कलकोट आणि सोलापूरवर हक्क सांगितला होता. लगेच इकडून उत्तरं गेली, दोन्हीकडून इतिहास निघाला. आणि इथं आमच्या गावात बाराव्या शतकातल्या कन्नड वचनं रचणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत घराघरातले मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे लोक काठ्यांमागून चालतात. ते इतिहास बोलत नाहीत, नऊशे वर्षं चालतायत.

माझा एक दोस्त मला म्हणतो, काय बे, भाषण म्हणजे काय शाळेचा तास आहे का, लोकांना एवढं कोण ऐकणार. मला हे अजिबात पटत नाही. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात आहे, आमची अडाणी म्हणवणारी माणसं दोन-दोन तास कीर्तन ऐकतात, मांडी मोडून, रात्री अकरा वाजेपर्यंत. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग असतो, त्यात बुवा अभंग घेऊन तत्त्व मांडतो, मग उत्तररंगात आख्यान लावतो, गोष्ट सांगतो, आणि ती गोष्ट त्या तत्त्वाला धरून असायला लागते, नसली तर म्हाताऱ्या बायका पण उठता उठता बोलून दाखवतात की आज जमलं नाही. ऐकायची एवढी तयारी असलेल्या लोकांना पुढारी नुसतं आख्यान देतात, पूर्वरंग गायब. तत्त्व काय होतं, आज त्याचं काय करायचं, हे नाहीच. तीस सेकंदांची रील निघते तीसुद्धा आख्यानातल्या तलवारीचीच.

सोलापूरच्या युनिव्हर्सिटीला अहिल्यादेवींचं नाव मिळालं, चांगलं झालं, मला अभिमान आहे. नावावरून तेव्हा वाद झाला, सिद्धेश्वरांचं नाव हवं म्हणणारे पण होते, त्यांचं पण चुकीचं नव्हतं. पण अहिल्यादेवी भाषणात येतात त्या घाट आणि देवळं बांधणाऱ्या म्हणून. रोज दरबारात बसून रयतेची तक्रार स्वतः ऐकणाऱ्या, पै-पैचा हिशोब बघणाऱ्या अहिल्यादेवी सांगितल्या की सांगणाऱ्यानं निदान आठवड्यातून एकदा दार उघडून बसायला पाहिजे.

परत चार हुतात्म्यांकडं येतो. १९३० मध्ये गिरणी कामगार बाहेर पडले ते कुणाला नोटीस देऊन नाही, बातमी कानावर आली आणि साचे थांबले. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेनं औद्योगिक संबंध संहिता पास केली, तिच्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस बंधनकारक आहे, सगळ्या उद्योगांना. म्हणजे ज्या संपातून आमचे हुतात्मे आले तो संप या संहितेनं बेकायदेशीर ठरतो. ही संहिता बरोबर की चूक यावर दोन मतं असू शकतात, उद्योगवाल्यांचं पण म्हणणं ऐकायला पाहिजे, यंत्रमाग बंद राहिला की मालकाचं आणि मजुराचं दोघांचं नुकसान होतं हे आम्हा सोलापूरकरांना कुणी शिकवायला नको. पण १२ जानेवारीला हार घालायला येणारा जो कोण असेल, कुठल्याही पक्षाचा, त्यानं हार घातल्यावर एवढं सांगावं की या संहितेबद्दल त्याचं मत काय. विडी वळणाऱ्या बाईनं उद्या रस्त्यावर यायचं ठरवलं तर तो तिच्या शेजारी उभा राहणार की पोलीस बोलावणार.

आजोबा मिलमध्ये साच्यावर होते, मिल बंद पडल्यावर चाळीतच राहिले. शेवटच्या वर्षी चालवत नव्हतं तरी रिक्षानं आले होते पुतळ्यांपाशी. कुणीतरी पाहुणा बोलत होता, चार समाजांची एकी वगैरे. आजोबा थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग मला म्हणाले, अरे त्याला विचार की गिरणीचं नाव का घेईना.

मी तेव्हा विचारलं नाही, एवढ्या गर्दीत लाज वाटली. येत्या १२ जानेवारीला विचारणार आहे.